जखमा न पुसणारी आशा

२०२५ हे वर्ष कॅथलिक चर्चने आशेचे ज्युबिली वर्ष म्हणून पाळले. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकेचे पवित्र द्वार उघडले आणि दोनच दिवसांनी तसे एक द्वार रोमच्या रेबिबिया तुरुंगात उघडले. ही दुसरी जागा नेमकी निवडलेली होती. कैद्याला ‘सगळं ठीक होईल’ असे सांगून भागत नाही, कारण शिक्षा किती उरली हे त्याला तोंडपाठ असते. आशावाद हा शेवटी एक अंदाज आहे. हवामान, बाजारभाव, निवडणुका यांची चिन्हे बरी दिसली की तो वाढतो, बिघडली की ओसरतो. ख्रिस्ती श्रद्धा जिला आशा म्हणते ती चिन्हे वाईट असतानाच कामाला येते. माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे: ही आशा खरी की भाबडी, हे ती जखमेकडे पाहू शकते की नाही यावरून ठरते.

तिचा पाया एका पराभवात आहे आणि मूळ ग्रंथांनी तो झाकलेला नाही. गुलाम आणि बंडखोर यांना रोमन सत्ता जी शिक्षा देई, ती येशूला झाली. शिष्य पांगले. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान जिथे संपते, तिथे रिकामे थडगे पाहिलेल्या स्त्रिया भेदरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. विजयाची दवंडी पिटायची असती तर असा शेवट कोण करील? योहानाच्या शुभवर्तमानात तर उठलेला येशू शिष्यांना ओळख पटवतो ती हातांतले व्रण आणि कुशीतली जखम दाखवून. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो तिथेच बोट घालायला सांगतो. मरणावर मात केलेला देह धडधाकट दाखवणे कथाकाराला सोपे होते. त्याने जखम राहू दिली. जे घडले ते पुसले जात नाही, मात्र निकाल त्याच्या हाती राहत नाही; पुनरुत्थानाचा दावा एवढाच आहे, आणि तो काही लहान नाही.

विसाव्या शतकात हे सूत्र पुन्हा उचलले ते जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान यांनी. त्यांचा जन्म १९२६ सालचा, हँबर्गचा, घर धर्मापासून बरेच दूर. जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हँबर्ग बेचिराख केले, तेव्हा सतरा वर्षांचे मोल्टमान विमानविरोधी तोफेवर होते. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने मेला, ते वाचले. पुढे स्कॉटलंडच्या युद्धकैद्यांच्या छावणीत बेल्सन या नाझी छळछावणीची छायाचित्रे भिंतीवर लावली गेली आणि आपण कोणासाठी लढलो हे तिथल्या जर्मन पोरांना कळले. लष्करी धर्मगुरूने दिलेल्या बायबलमध्ये मोल्टमान यांना जवळची वाटली ती देवाने आपल्याला का टाकले अशा क्रूसावरून विचारलेल्या प्रश्नाची जागा. स्वर्गाची वर्णने नंतरची. १९६४ साली त्यांचा ‘आशेचे धर्मशास्त्र’ हा ग्रंथ आला. ज्याला पुनरुत्थान पटले त्याला आहे त्या जगाशी जुळवून घेता येत नाही, आशा माणसाला अस्वस्थ करते, हे त्याचे सार. मार्क्सवादी तत्त्वज्ञ एर्न्स्ट ब्लोख यांच्या आशेवरील तीन खंडांशी वाद-संवाद करत ही मांडणी झाली. चर्चला स्वतःच्याच घरातल्या ठेव्याची आठवण एका नास्तिकाने करून दिली, हे कबूल करायला हरकत नसावी.

मार्क्सचे नाव निघाले की अफूचा आक्षेप येतोच. धर्म ही जनतेची अफू आहे, हे त्याने १८४४ साली प्रसिद्ध केले. परलोकाच्या आमिषावर इथला अन्याय सोसायला लावला जातो, हा आरोप इतिहासाला धरून आहे. राजे, मळेवाले आणि त्यांच्या पदरचे पाद्री यांनी हे केले. पण १८०७ साली लंडनमध्ये छापलेले एक पुस्तक इथे पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी काढलेली ती बायबलची वेचक आवृत्ती. तिच्यात योसेफाची गोष्ट आहे, दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेशही आहे. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढले तो भाग मात्र नाही. स्तोत्रे नाहीत. नवे आकाश आणि नवी पृथ्वी यांचे वचन देणारे ‘प्रकटीकरण’ मुळातूनच उडवलेले. जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्याचा जवळपास निम्मा भाग कात्रीखाली गेला. परलोकाची आशा ही नुसती अफू असती, तर ती पाजताना हात आखडता घेण्याचे कारण काय? ‘प्रकटीकरणा’इतके परलोकाने भरलेले दुसरे पुस्तक बायबलमध्ये नाही. पण त्यात जुलमी साम्राज्य कोसळते, आणि ते वाचलेला गुलाम स्वस्थ झोपेल याची खात्री कोणालाच नसावी.

आपल्याकडचा आक्षेप मला याहून खोल वाटतो. आपल्या परंपरेत आशा ही बेडी. गीतेचा कर्मयोगी फळावरचा हक्क सोडून राबतो, बुद्ध तृष्णेत दुःखाचे मूळ पाहतो. मग आशेला सद्गुणाचा पाट का मांडायचा? याला स्पेनच्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्याकडे उत्तर आहे. १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच कार्मेली संघातल्या विरोधकांनी त्यांना टोलेडोच्या मठात कोंडले आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत ते तिथे होते. त्यांच्या मते आशा स्मृती रिकामी करते, साठवलेल्या सगळ्यावरची पकड सोडायला लावते, कारण जे मुठीत आहे त्याची आशा करताच येत नाही. इथवर गीता फार दूर नाही. पण पुढे वाटा फुटतात आणि ते लपवू नये. फळ मला मिळाले नाही तरी चालेल, असे ख्रिस्ती माणूस म्हणू शकतो. भुकेल्याला अन्न आणि पीडिताला न्याय मिळाला नाही तरी चालेल, असे त्याला म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून केडगावात वसवल्या त्या याच हट्टाने. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी, जिच्या हाती काम सोपवायचे ती मनोरमा, वारली. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर चालूच ठेवले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून आलेला त्यांनी पाहिला नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आशेविरुद्धची दोन पापे सांगितली: निराशा आणि फाजील खात्री. निराशेवर आपण पुष्कळ बोलतो. मला आज दुसऱ्या पापाचे भय अधिक वाटते. विश्वास ठेवा, धंद्याला बरकत येईल, आजार पळेल, असे छातीठोक सांगणाऱ्या प्रचारकांच्या सभा जगभर भरतात. तिथल्या व्यासपीठावर थोमाने बोट घातले त्या जखमेला जागा नसते. जो बरा झाला तो साक्ष द्यायला पुढे बोलावला जातो. जो बरा झाला नाही तो आपलाच विश्वास कमी पडला असे समजून घरी परततो, म्हणजे दुखण्यावर अपराधाचे ओझेही घेऊन. हा आशेच्या नावाने चाललेला दुष्टपणा आहे. बाहेरचे टीकाकार त्यावर बोलतात तेव्हा धर्मद्वेषाची ओरड होते. म्हणून हे काम त्यांच्यावर न सोडता धर्मगुरूंनी आणि मंडळ्यांनी आपल्या वेदीवरून, आडपडदा न ठेवता करावे.