गेलेल्यांचा आवाज, आपलं काम

टोरंटोच्या 'ओव्हर द ब्रिज' या संस्थेने २०२१ मध्ये चार नवी गाणी आणली. कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस, जिमी हेंड्रिक्स आणि जिम मॉरिसन यांच्या शैलीत एआयने रचलेली. चौघेही सत्ताविसाव्या वर्षी गेले. संगीतात काम करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याकडे लोकांचं लक्ष जावं, हा हेतू. त्यातलं कोबेनच्या शैलीतलं गाणं गायला तेव्हा ट्रिब्यूट बँडचा जिवंत गायक लागला होता.

आता तोही लागत नाही. 'लाल सलाम'साठी ए. आर. रहमानने बंबा बक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला ठाकरेंच्या शिवसेनेच्या मेळाव्यात बाळासाहेबांचा एआय आवाज ऐकवला गेला.

मग उद्या एखाद्या लाडक्या दिवंगत मराठी कलाकाराच्या आवाजात चाकणच्या कॅन्टीनमध्ये 'मन मोकळं करा' असं वाजवलं, तर बिघडलं काय? बाजू कमजोर नाही. मराठवाडा-विदर्भातून आलेली, एका खोलीत चौघं राहणारी, शिफ्ट बदलली की झोप बदलणारी पोरं भिंतीवरचं पोस्टर वाचत नाहीत. ओळखीचा आवाज मात्र ऐकतील.

कायदाही फार आडवा येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाला संरक्षण दिलं, पण तो स्वतः दाद मागू शकत होता. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की हे व्यक्तिगत हक्क त्याच्याबरोबरच संपले. घरच्यांनी होकार दिला तरी तो वारशाचा होकार. गेलेल्या माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेला सल्ला घालायचा अधिकार त्यातून मिळतो, असं मला वाटत नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. खचलेल्या माणसाला आपण काय सांगतो? 'तुझी जागा दुसरं कोणी घेऊ शकत नाही.' क्लोन केलेला आवाज नेमकं उलटं सांगतो: माणूस गेला तरी काम अडत नाही, काही मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरतं. कंत्राटावरच्या पोराला हे नवं नाही. 'तू नाही तर दुसरा मिळेल' हे तो लाइनवर रोज ऐकतो. तेच त्याला त्याच्या आवडत्या गायकाच्या गळ्यातून ऐकवायचं?

शिवाय 'बोल' म्हणणाऱ्याला ऐकताही यावं लागतं. क्लोन फक्त बोलतो.

त्या कलाकाराचं जुनं, खरं गाणं लावा. तो आता नाही, हे ऐकणाऱ्याला कळू दे. ती पोकळी एआयने बुजवू नका. आणि निरोप द्यायला जिवंत माणूस आणा: लाइन सुपरवायझर, रूममेट, त्याच खोलीतून सावरलेला कुणी. आवाज रुक्ष असेल, चालेल. त्याने १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर सांगावा आणि नंतर पाच मिनिटं तिथेच थांबावं.