मिस, मिसेस, मिझ आणि एक आगाऊ प्रश्न

मिस, मिसेस, मिझ हे इंग्रजीतले तिन्ही शब्द एकाच घरातले. मूळ शब्द 'मिस्ट्रेस', म्हणजे मालकीण. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 'मिसेस' म्हणवून घ्यायला नवरा लागायचाच असं नाही. घर किंवा धंदा चालवणारी अविवाहित बाईही मिसेस असे. ती लग्नाची खूण झाली नंतर. 'मिस्टर'वर अशी वेळ कधी आलीच नाही.

मला खटकतं ते इथेच. मान द्यायच्या आधी चौकशी का?

1901 साली अमेरिकेतल्या 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' या वर्तमानपत्रात 'मिझ' हा शब्द सुचवला गेला. कारण व्यवहारी होतं : बाईचं लग्न झालंय की नाही हे ठाऊक नसेल, तर बोलणाऱ्याची पंचाईत होऊ नये. साठ वर्षांनी शीला मायकल्स यांनी तोच शब्द उचलून धरला, तेव्हा पंचाईत कुणाची हेच बदललं. मी कुणाची, हे मी सांगायचंच कशाला?

1984 साली जेराल्डिन फेरारो उपराष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. नवरा झकारो, पण यांनी माहेरचं आडनाव ठेवलेलं. 'न्यूयॉर्क टाइम्स' तेव्हा 'मिझ' छापत नसे. मिस म्हणावं तर त्या विवाहित. मिसेस फेरारो म्हणावं तर त्या त्यांच्या आई! अखेर 1986 मध्ये टाइम्सने 'मिझ' स्वीकारलं.

आपण हसायला नको. आपल्या लग्नपत्रिकांत कु., सौ., गं. भा. वाचून नवरा आहे का, हयात आहे का, सगळं कळतं. पुरुष आपला जन्मभर 'श्री.'.

कुणी म्हणेल, एखादीला 'मिसेस'च आवडत असेल तर? जरूर लावावं. आपणहून सांगणं वेगळं आणि सांगावं लागणं वेगळं.

पण 'मिझ' आल्याने प्रश्न सुटला असंही मला वाटत नाही. फॉर्मवर तिन्ही पर्याय शेजारी असले, की 'मिझ' निवडणारीबद्दलही अंदाज बांधले जातात : घटस्फोटित असेल, स्त्रीवादी असेल. उत्तर न देणं हेही उत्तर ठरतं. समोरच्याला जेवढं कमी विचारावं लागेल, तेवढा मान खरा. बाईसाठीही एकच पर्याय असेल, तेव्हाच तिला गप्प राहता येईल.