घराण्याचे गुपित

वारशाने आपल्या घरांत काय काय येत नाही! आजीच्या हातची भाजणी येते, देव्हाऱ्यातले टाक येतात, आजोबांचे नाकही येते. त्यांचे आपण कौतुकाने सांगतो. वारशात आजार आला, की मात्र तो माळ्यावर टाकून देतो.

माझ्या मावसबहिणीला बेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली, आम्ही पेढे वाटले. पुढे तपासणीत कळले, की दोष रक्तातलाच आहे. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो आतड्यापाशी थांबत नाही. बाईच्या गर्भाशयाला आणि बीजकोशांनाही त्याचा धोका असतो. शिवाय तो पुरुषाकडूनही मुलांत उतरतो, प्रत्येक अपत्याला निम्मा संभव. म्हणजे तिच्या भावाला तो असेल, तर भाच्यांनाही असू शकेल.

घरात ठरले, ‘थोरलीचे लग्न होऊन जाऊ दे, मग बोलू.’ ठरवणारे दुष्ट नव्हते. स्थळे फिरतील ही भीतीही खोटी नव्हती. मान डोलावणाऱ्यांत मीही होते.

परंतु आतड्यात दुर्बिणीने पाहता येते, कोंब दिसला तर कॅन्सर होण्याआधीच काढता येतो. बीजकोशाला तसा झरोका नाही. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक सर्वसामान्य बायकांचा अभ्यास झाला. दरवर्षी सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी करूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ साली दिसून आले. म्हणून माझी बहीण नुसत्या तपासणीवर विसंबत नाही. पोट सारखे फुगणे, चार घासांत भरणे, ओटीपोट दुखणे, यांतले काही टिकून राहिले तर लगेच डॉक्टरांकडे जायचे, हा तिचा नेम. मुलेबाळे झाल्यावर गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकावेत का, हा प्रश्न अशा बाईला डॉक्टरांशी बोलून सोडवावा लागतो. जिथे पहारा असा तोकडा, तिथे हाताशी उरतो तो वेळ. आणि आमचे मौन भाचीचा नेमका तोच वेळ खात होते.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितले, की घरातल्यांसारखी आपणही कॅन्सरनेच जाणार. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्या कुळाची हकीगत त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केली. ती बाई गर्भाशयाच्या कॅन्सरने अकाली गेली, पण घरचे गुपित तिने बोलून दाखवले म्हणून या दोषाचा माग लागला.

सांगणे म्हणजे लादणे नव्हे. तपासून घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवायला आधी माहीत तर हवे!

गेल्या भाऊबिजेला बहिणीने भावाला ओवाळले आणि तबक खाली ठेवून सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने थोरलीला हाक मारली.

पोरीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आत्या, तुला डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचे आहे? मीही येते.”