शस्त्राचा उपसंहार

गेल्या मार्गशीर्षात एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपले. मंडळी पांगली, टाळ-मृदंग आवरले गेले, आणि आम्ही पाणी पीत बसलो असता एक सेवानिवृत्त गुरुजी जवळ येऊन बसले. दृष्टांताला त्या रात्री आम्ही सौप्तिक पर्वातील अश्वत्थाम्याची कथा घेतली होती. गुरुजी म्हणाले, "बुवा, आमचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला आहे. त्याने घरात पिस्तूल घेतलंय. म्हणतो, इथं सगळेच ठेवतात, कायद्यानं हक्क आहे. घरात सहा वर्षांचा नातू आहे. यात धर्म कोणता, अधर्म कोणता, ते सांगा."

त्या वेळी आम्ही जे बोललो ते तुटक होते. खरे म्हणजे उत्तर आमच्यापाशी तयारच नव्हते. म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

मुलगा खोटे बोलत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती झाली तिच्यात लोकसेना आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. हा हक्क लोकसेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, यावर तेथील पंडित फार भांडले. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचाच हक्क होय. २०२२ साली तो घराबाहेरही नेला. टेक्सासात तर २०२१ पासून बहुतेक सज्ञान माणसांना कमरेला पिस्तूल लावून हिंडण्यास परवानाही लागत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजदादीप्रमाणे त्या देशात नागरिकांच्या घरी सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसांहून बंदुका अधिक.

हे ऐकून हसू नये. निःशस्त्र केलेल्या समाजाचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत जो शस्त्रकायदा झाला, त्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि गोऱ्याला सूट असे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ साली सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली. १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत यावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मानली नाही, आणि ती गेली. त्याच वर्षाच्या जानेवारीत पिस्तुलाच्या तीन गोळ्यांनी गांधीजींचा देह पडला होता. ते पिस्तूल झाडणारा हात मराठी माणसाचा होता, हे आपण विसरू नये.

तेव्हा 'बंदूक वाईट' असे म्हणून हात झटकता येत नाही. धर्मशास्त्रानेही आततायी म्हणून सहा जण सांगितले आहेत. त्यांत शस्त्र उगारून अंगावर येणारा आहे, आग लावणाराही आहे, आणि त्यांना मारण्यात दोष आहे की नाही यावर टीकाकारांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. पण ती चर्चा आहे अंगावर आलेल्या प्रसंगाची. प्रसंग येण्यापूर्वी दहा वर्षे उशाशी शस्त्र ठेवून निजावे का, हा प्रश्न निराळा. त्याला आमच्या मते कौटिल्य अधिक उपयोगी पडतो. त्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे की शस्त्रे आयुधागारात जमा असावीत, आणि मुद्रेची अनुज्ञा ज्यास असेल त्याखेरीज इतरांनी शस्त्रावाचून हिंडावे. मुद्रा म्हणजे परवानाच की! परवाना ही काही इंग्रजांनी आणलेली कल्पना नव्हे. इंग्रजांचा अन्याय परवाना मागण्यात नव्हता, तो कातडीचा रंग पाहून मागण्यात होता.

आता एक घरची गोष्ट. आमचे आजोळ तळकोकणात. मामांकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. १९७० च्या सुमारास, आम्ही दहा वर्षांचे असू, बांधावरून मामांचे व चुलतमामांचे भांडण जुंपले. मामा तरातरा घरात आले आणि त्यांनी खुंटीवरची बंदूक काढली. पण ठासणीची बंदूक म्हणजे काय उपद्व्याप! नळीत दारू ओता, वर काथ्याचा बोळा घाला, गजाने ठासा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासा, आणि शेवटी केप बसवा. आजी दाराशी उभी होती, एक शब्द बोलली नाही. मामांचे हात कापत होते, दारू शेणाच्या जमिनीवर सांडत होती. ठासता ठासता ते मध्येच थांबले, गज भिंतीला टेकवला आणि मटकन खाली बसले. पुढे मामा वारले तेव्हा खांदा द्यायला चुलतमामा सर्वांत पुढे होते.

त्या दिवशी मामांच्या हाती आजचे पिस्तूल असते तर? हा प्रश्न पन्नास वर्षे आमच्या मनात आहे.

अस्त्रविद्येत दोन गोष्टी शिकवीत, प्रयोग आणि उपसंहार. सोडणे आणि परत घेणे. द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला आनंदाने दिले. मुलाने हट्ट धरला तेव्हा त्यालाही दिले, पण नाखुशीने, आणि माणसांवर कधी टाकू नकोस असे बजावून. पोराचा उतावळा स्वभाव बापाला ठाऊक होता. हाच अश्वत्थामा एकदा द्वारकेस जाऊन श्रीकृष्णाचे चक्र मागू लागला. देव म्हणाले, घे. त्याला ते उचलेना. मग देवांनी विचारले, अरे, हे तुला कोणाशी लढायला हवे होते? तो म्हणाला, तुमच्याशीच! आजही आपल्याकडे परवान्याच्या अर्जात बंदूक कशासाठी हवी याचे कारण लिहावे लागते. ज्यांना हा कागदी जाच वाटतो त्यांनी ही कथा वाचावी. शेवटी काय झाले? झोपलेली पोरे रात्री कापून अश्वत्थामा पळाला, अस्त्र सोडून बसला, आणि व्यास-नारद मध्ये उभे राहिले तेव्हा अर्जुनाने आपले परत घेतले. अश्वत्थाम्याला ते घेता येईना. ते गर्भावर गेले.

बंदुकीच्या गोळीला तर उपसंहार मुळातच नाही. तेव्हा तो आधीच करून ठेवावा लागतो: थांबण्याच्या मुदतीत, चौकशीत, कुलपात. टेक्सासमधील युवाल्डी गावी २४ मे २०२२ रोजी एका पोराने शाळेत शिरून १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या. अठरावे सरताच थोड्या दिवसांत त्याने दोन रायफली दुकानातून रीतसर विकत घेतल्या होत्या. पावणेचारशेच्या घरात सशस्त्र शिपाई जमले, तरी त्याच्यापर्यंत पोचायला त्यांना तासाहून अधिक वेळ लागला. बंदूकवाले म्हणतात, पाहा, पोलीस कामी येत नाहीत, म्हणून आपली बंदूक हवी. आम्ही म्हणतो, इतक्या बंदुका दाराशी असून त्या एका बंदुकीचे काही करता आले नाही.

पण शाळेतील हत्याकांडे वर्तमानपत्रात येतात. जे घरात निमूटपणे घडते ते येत नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली २६ हजारांवर स्वतःच्याच हाताने. म्हणजे चोरासाठी आणलेली बंदूक पुष्कळदा मालकाच्याच वाईट रात्रीची वाट पाहत असते.

ऑस्ट्रेलियाने १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत कायदा कडक करण्याचे ठरवले. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या व मोडल्या. खरेदीला २८ दिवसांची मुदत घातली. नुसते 'स्वसंरक्षण' हे तेथे परवान्याचे कारण धरले जात नाही. शेतकऱ्याला मात्र बंदूक मिळते. पंतप्रधान हॉवर्ड संतापलेल्या बंदूकधाऱ्यांच्या सभेत बोलायला गेले ते अंगात चिलखत घालून. कायद्याने तेथले खून कायमचे संपले असे कोणी म्हणू नये. पण ते २८ दिवस पाहिले की आम्हांस मामांचा गज आठवतो.

'चोर परवाना काढतो थोडाच?' हा आक्षेप राहतो. तो खरा आहे. आपल्याकडे गावठी कट्टे परवान्यावाचूनच फिरतात. पण चोराची बंदूकही कोठेतरी घडते, कोणीतरी विकते. तो माग काढणे सरकारचे काम, आणि ते हयगयीने होते हेही कबूल. उत्तरेकडे लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढून माणसे मारतात, ती मात्र पुष्कळदा परवान्याच्या बंदुकीनेच. म्हणून २०१९ साली आपल्या कायद्यात अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले, आणि माणशी तीन बंदुकांच्या दोन केल्या. दोन तरी कशाला, असे आम्हांस वाटते. पण ज्याची नाचणी डुकरे खातात त्याला आम्ही एकही ठेवू नको म्हणणार नाही.

गुरुजींना त्या रात्री आम्ही एवढेच सांगितले की दूरदेशी असलेल्या कर्त्या मुलाला 'विकून टाक' म्हणाल तर तो ऐकणार नाही. फोनवर चार गोष्टी विचारा. भरलेले ठेवतोस की रिकामे? कुलूप आहे का? किल्ली कोणाकडे? नातवाला जागा माहीत आहे का?

आठ दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "विचारलं, बुवा. पहिल्या तिन्हींची उत्तरं त्यानं पटापट दिली. चौथ्याला म्हणाला, थांबा, विचारून सांगतो. अजून सांगितलं नाही."