मेंदूचे चित्र आणि आळसाचा आरोप

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास समर्थांनी लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षराचे वळण, काना-वेलांटी, ओळींची समानता यांविषयी त्यांनी तेथे मोठ्या आस्थेने सांगितले आहे. त्या उपदेशामागची श्रद्धा आपणा सर्वांच्या घरांतही नांदते: घोटले म्हणजे अक्षर येते. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती खरी ठरते. परंतु तिच्यातून आपण नकळत एक उलटा निष्कर्ष काढतो, की ज्याला अक्षर येत नाही त्याने घोटलेच नाही. तो आळशी आहे. येथे शिक्षणाचा प्रश्न संपून नीतीचा प्रश्न सुरू होतो, कारण आळस हा दोष आहे; ख्रिस्तसभेच्या परंपरेत तर सात प्रमुख पातकांत त्याची गणना होते. आठ वर्षांच्या मुलावर हा आरोप ठेवणाऱ्याने आधी पुरावा पाहिलेला असावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

असा पुरावा शोधण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, दृष्टी चांगली होती, मोठमोठे आकडे तो सहज वाचत असे; मात्र साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. या अवस्थेला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो.

पुढे १९९० च्या सुमारास सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेल्या संशोधनातून मेंदूचे काम चालू असताना त्याचा वेध घेण्याची पद्धत विकसित झाली. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. चुंबकीय यंत्र तो बदल टिपते. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, क्ष-किरणही लागत नाहीत. २००२ साली येल विद्यापीठातील सॅली शेविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अस्खलित वाचणाऱ्या मुलांत डाव्या मेंदूच्या मागील बाजूचे जे भाग वाचताना जागे होतात, ते डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत तितके जागे होत नाहीत, असे त्यात दिसून आले. म्हणजे ज्याला आपण आळस समजत होतो, त्याच्या जागी मेंदूतील एक वेगळी घडण होती. आरोपी निर्दोष ठरला, असे वाटण्याजोगा हा क्षण होता.

तथापि सुज्ञ वाचकाने येथे थोडे थांबावे. त्या चित्रातील लाल-पिवळे रंग मेंदूत नसतात. संगणकाने काढलेल्या सांख्यिकी फरकांना ते दिलेले असतात. २००९ साली क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा या यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. आवश्यक ती गणिती काळजी घेतली नाही, तर मृत माशाच्या मेंदूतही हालचाल ‘दिसते’, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. शिवाय हे निष्कर्ष मुलांच्या गटांच्या सरासरीचे असतात. एकट्या मुलाचे चित्र पाहून त्याला डिस्लेक्सिया आहे की नाही, हे ठरवता येत नाही. आजही निदान होते ते वाचन-लेखनाच्या चाचण्यांनी आणि मुलाला बारकाईने तपासून.

याहून खोल अडचण कार्यकारणाची आहे. २०१७ साली लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांवर, मुख्यतः स्त्रियांवर, झालेले संशोधन प्रसिद्ध झाले. जर्मनी व नेदरलँड्स येथील माक्स प्लांक संस्थांचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. सहा महिने देवनागरी शिकल्यावर त्यांच्या मेंदूत फरक पडला होता. तोही वरच्या थरापुरता मर्यादित नव्हता, दृष्टीशी निगडित अशा खोल केंद्रांपर्यंत पोचला होता. याचा अर्थ असा, की न वाचणारा मेंदू वेगळा दिसला म्हणून तो जन्मतःच वेगळा होता, असे म्हणता येत नाही. कदाचित त्याला कोणी वाचायला शिकवलेच नसेल.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात हा भेद फार महत्त्वाचा आहे. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नावच अवजार होते. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांची शाळा ऐन हंगामात सुटते आणि परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलाला चौथीत जोडाक्षर वाचता आले नाही आणि त्याला यंत्रात निजवले, तर त्याचे चित्रही कदाचित डिस्लेक्सिया असलेल्या मुलासारखेच फिके दिसेल. यंत्र फक्त ‘काय’ ते दाखवते. ‘का’ या प्रश्नावर ते मौन बाळगते. एका मुलाच्या बाबतीत त्याचे उत्तर जन्मजात घडणीत असेल, दुसऱ्याच्या बाबतीत आपल्या समाजव्यवस्थेत. पहिल्या चित्रासमोर आपण हळहळू शकतो. दुसऱ्या चित्रासमोर मात्र आपल्याला उत्तर द्यावे लागेल. मेंदूचे चित्र मुलाला आरोपातून सोडवते म्हणून आपणही सुटलो, असे मानण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत पोचवला, हे त्याचे मोठे ऋण. पण त्यातील मुलगा असामान्य चित्रकार आहे, आणि प्रेक्षकाच्या मनावर ठसते ते हे, की न वाचणाऱ्या मुलात कोठेतरी प्रतिभा दडलेली असते. ज्याच्यात काहीच दडलेले नाही, त्याचे काय? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अधिक बुद्ध्यंक असलेली आणि कमी बुद्ध्यंक असलेली, अशी वाचनात मागे पडलेली मुले तपासली गेली. उच्चार व अक्षर यांची सांगड घालताना दोन्ही गटांच्या मेंदूत दिसलेली उणीव सारखीच होती. आपली करुणा मात्र हुशार मुलासाठी राखून ठेवलेली असते. गुणांचा मोबदला म्हणून दिलेली करुणा ही करुणा राहत नाही, तो व्यवहार होतो. मुलाची किंमत त्याच्या सुप्त प्रतिभेवर ठरत नसेल, तर सामान्य बुद्धीच्या, वाचता न येणाऱ्या मुलालाही तितकाच धीर आणि तितकाच वेळ मिळायला हवा.

भारतभूमीशी ज्याचे नाव परंपरेने जोडले गेले, त्या संत थॉमसची येथे आठवण होते. जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा हट्ट होता. प्रभूने त्याला झिडकारले नाही, जखमा दाखवल्या. मात्र न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना अधिक धन्य म्हटले. मेंदूचे चित्र हे आपल्या अविश्वासाला दाखवलेल्या जखमेसारखे आहे. त्याबद्दल विज्ञानाचे आभारच मानावेत. परंतु ‘मला येत नाही’ असे मूल वर्षानुवर्षे सांगत होते, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला आपल्याला लक्षावधी रुपयांचे यंत्र का लागावे? मॉर्गन यांच्याजवळ असे यंत्र नव्हते. त्यांनी मुलाकडे लक्षपूर्वक पाहिले आणि त्याचे ऐकले.

पुढचा मार्ग अवघड आहे, अज्ञात नाही. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. २०१५ साली मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी उपलब्ध केली. ती मराठीतही आहे, आणि मराठी मुलाची परीक्षा इंग्रजीच्या फूटपट्टीने करण्याचे कारण उरलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. आणि आशेची सर्वांत मोठी गोष्ट अशी, की योग्य शिकवणीने मेंदू बदलतो: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काही आठवड्यांच्या ध्वनी-भाषेच्या सरावानंतर डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे वाचन सुधारले आणि पूर्वी मंद असलेले भाग अधिक जागे झालेले दिसले.

तेव्हा घोटण्यावरची श्रद्धा सोडण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की काही मुलांसाठी निराळ्या रीतीने घोटून घ्यावे लागते, आणि ते श्रम मुलाइतकेच शिकवणाऱ्याचेही असतात. ते टाळून मुलाला आळशी म्हणणे सोपे असते. पण मग आळस नेमका कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो.