गाडीच्या पत्र्यातले तांबे

मोटारीच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा लोखंड-पोलादाचा असतो आणि पोलाद कितीही वेळा वितळवता येते. त्यामुळे जुन्या गाड्या भराभर मोडीत काढल्या की मोटार उद्योगात चक्रीय अर्थव्यवस्था आपोआप उभी राहील, असे मानले जाते. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधन नाकारण्याचा आदेश लागू झाला आणि काही दिवसांतच तो पुढे ढकलावा लागला. त्या वादात धुरावर पुष्कळ बोलले गेले. मोडीत निघालेल्या गाडीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

अडचण तांब्याची आहे. डॅशबोर्डमागून, दारांच्या पोकळीतून, सीटखालून वायरिंग फिरवलेले असते. काचा वर-खाली करणाऱ्या आणि वायपरच्या मोटरींतही तांब्याची तार गुंडाळलेली असते. सांगाड्याचे यंत्राने तुकडे करून चुंबकाने लोखंड वेचले, तरी लोखंडी गाभ्याला बिलगलेली ती तार त्याच्याबरोबर भट्टीत जाते. वितळलेल्या पोलादातला कार्बन ऑक्सिजन फुंकून जाळता येतो, तांबे तसे निघत नाही. तापवून लाटताना ते पृष्ठभागाशी साचते आणि पोलाद तडकते. बांधकामाच्या सळईला सुमारे ०.४ टक्के तांबे चालते, गाडीच्या पत्र्याला जेमतेम ०.०६ टक्के. म्हणून जुन्या गाडीचा पत्रा इमारतीच्या सळईत जातो आणि नव्या गाडीसाठी पुन्हा खाण खणावी लागते. गाडीचा धातू पुन्हा गाडीतच वापरण्यासाठी फोर्डने एफ-१५० या ट्रकच्या अ‍ॅल्युमिनियमसाठी नोव्हेलिस या कंपनीशी केलेली भागीदारी चांगलीच आहे, पण तिच्यात कारखान्यातच उरलेले कातरण परत जाते. ते रस्त्यावर कधी आलेलेच नसते.

जुन्या वस्तूचे काय करायचे, या प्रश्नावर सर्वांत मूलभूत विचार वॉल्टर स्टाहेल या स्विस वास्तुविशारदाने केला. जेनेव्हीव्ह रेदे यांच्यासह १९७६ साली युरोपीय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात त्याने दाखवले, की उद्योगातली बहुतांश ऊर्जा खनिजापासून पोलाद-सिमेंट करण्यात खर्च होते आणि बहुतांश मनुष्यबळ त्या मालापासून वस्तू घडवण्यात लागते. म्हणजे वस्तू दुरुस्त करून टिकवली, तर ऊर्जा वाचते आणि हातांना काम मिळते. वितळवणे हा शेवटचा पर्याय. हे निव्वळ कागदावरचे गणित नव्हते. पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा इथे रेनो १९४९ पासून जुनी इंजिने आणि गिअरबॉक्स उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा विकत आली होती.

तरी स्टाहेलचे म्हणणे मोटारीला जसेच्या तसे लागू होत नाही. इंजिनाचे आयुष्य वाढले की त्याच्या धुराचेही वाढते आणि तो धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो. फार प्रदूषण करणारी गाडी रस्त्यावरून हटवलीच पाहिजे. मात्र गाडी निवृत्त झाली म्हणून तिचा गिअरबॉक्स, दार, दिवा, स्टार्टर निवृत्त होत नाही. मोडीत काढायचे की नाही, यापेक्षा कसे काढायचे हा खरा प्रश्न आहे.

भारतात १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी मोडीत निघणाऱ्या गाड्यांची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर टाकली, हे मोठेच पाऊल आहे. पण ती मोजली जाते परत मिळालेल्या पोलादाच्या वजनावर. पोलाद पत्र्याच्या लायकीचे आहे की सळईच्या, याला त्या हिशेबात जागा नाही. मारुती सुझुकी आणि टोयोटा त्सुशो यांचे नोएडातील गाड्या मोडण्याचे केंद्र किंवा महिंद्र आणि सरकारी कंपनी एमएसटीसी यांची ‘सेरो’ अशा भागीदाऱ्यांत तेल, बॅटरी आणि वातानुकूलनाचा वायू नीट काढून घेण्याची सोय असते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात ती बहुधा नसते. उलट, वायरिंग अखंड ओढून काढण्याचे आणि चालू भाग ओळखण्याचे कसब कुर्ल्यातल्या कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांना बाहेर ठेवणारी भागीदारी अपुरी आहे.

आरेखनाची जबाबदारी मात्र कंपनीचीच. टोयोटाने वायरिंगची अर्थिंगची टोके ओढताच तुटून निघतील अशी घडवली, म्हणजे गाडी मोडताना सारे जाळे सहज उपसता येते. परत मिळालेल्या पोलादाचे प्रमाणपत्र देताना वजनाबरोबर भंगारातल्या तांब्याचे प्रमाणही तपासले, तर असे आरेखन आणि असे कसब, दोन्हींना मोल येईल.