रात्री जवळ कोण बसतं

असोदा जळगावच्या इतकं जवळ आहे की शहर आता अंगणापर्यंत आलंय असं वाटतं. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. १८८० साली इथल्या महाजनांच्या घरात त्या जन्मल्या आणि तेराव्या वर्षी जळगावला नांदायला गेल्या. पारावर पूर्वी केळी, कापूस आणि भरताची वांगी हेच विषय असायचे. आता त्यांच्या जोडीला मुलामुलींच्या व्हिसाच्या गोष्टी असतात. इथल्या एका मुलीने सांगितलं, नोकरी लागण्याआधीचे दोन महिने नेपाळमधल्या एका अनाथाश्रमात मुलांना शिकवायला जाणार आहे. मला तिचं कौतुक वाटलं. तिच्या शेजारच्या आजींनी मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘पोराले ताप आला तं रातले त्याच्याजवय कोन बसते?’’

परदेशी सेवेवर आजवर जे वाचलं, ते सगळं मी या प्रश्नाशेजारी ठेवून पाहू लागलो.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्याच वर्षी जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. महायुद्धानंतर युरोपभर बेघर झालेली मुलं संस्थांमध्ये होती. त्यांचं पोट भरत होतं, अंथरूण स्वच्छ होतं, तरी ती कोमेजत होती. बोल्बींनी सांगितलं की लहान मुलाला एका ठरावीक माणसाची, आईची किंवा तिच्या जागी कायम उभ्या असलेल्या कुणाची, न तुटणारी सोबत लागते. पुढे रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या गच्च भरलेल्या बालगृहांची दारं जगासमोर उघडली. बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्मी मुलं पालक-कुटुंबांत दिली गेली. जी दोन वर्षांची होण्याआधी घरात पोचली, ती अधिक सावरली. वाढत्या मेंदूलाही कुणीतरी आपलं लागतं, हे त्यातून दिसलं.

आता परदेशी स्वयंसेवक येतात अशा अनाथाश्रमातल्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. दर दोन महिन्यांनी एक नवी ताई येते. ती गाणी शिकवते, मिठी मारते, वेण्या घालते आणि विमानात बसून जाते. लगेच दुसरी येते. पाहुण्याच्या गळ्यात पडणारं मूल बघून आपण म्हणतो, किती माया आहे याच्यात! दिसेल त्या अनोळखी माणसाला बिलगणं ही बऱ्याचदा तुटलेल्या ओढीची खूण असते, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. हे कळल्यापासून असे फोटो मला आनंदाने बघता आलेले नाहीत.

नेपाळचीच गोष्ट घ्या. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात दलाल हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यात जायचे. पोरांना शिकवू, सुखरूप ठेवू, असं सांगून ते आईबापांकडून पैसे घ्यायचे आणि मुलं काठमांडूच्या खोऱ्यात आणायचे. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ साली तिथल्या एका बालगृहात काही महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून गेला. ज्यांना तो अनाथ समजत होता, त्यांचे आईबाप जिवंत आहेत हे त्याला पुढे कळलं. मग तो हुमलाच्या पायवाटांनी गावोगाव त्यांची घरं शोधत फिरला. त्याच्या सेवेतला हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. कंबोडियातही युनिसेफच्या पाहणीत संस्थांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. पाहुण्यांचा पैसा जिथे मुलांच्या संख्येवर येतो, तिथे मुलं गोळा केली जातात. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आपल्या ठरावात या अनाथालय-पर्यटनाची दखल घेतली, ती उगीच नाही.

म्हणून परक्याने येऊच नये का? तसं म्हणायला माझं मन धजत नाही, कारण खानदेशाचं फार मोठं भाग्य एका परक्या माणसाने घडवलं आहे. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. १९२४मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे त्यांनी छात्रालय सांभाळलं. मुलं वर्गात गेली की हा मास्तर त्यांच्या खोल्या झाडायचा, कंदिलाच्या काचा पुसायचा, आजारी मुलाच्या उशाशी बसायचा. १९३०मध्ये ते सत्याग्रहासाठी निघून गेले, हे खरं. पण त्या मुलांना मागे आपापली घरं होती आणि गुरुजींनी काही वर्षं त्यांच्यात घातली होती. आपल्या असण्याने मुलाचं घर पुसलं जाऊ नये, याची जाण त्या सेवेत होती.

दूर राहून केलेल्या मदतीचं मला सुचणारं सर्वांत चांगलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८६मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव बोलल्या, आणि १८८७मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची मंडळी उभी राहिली. विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं चालवू, असं त्या मंडळीने वचन दिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. बॉस्टनच्या बहुतेक लोकांनी ते सदन डोळ्यांनी पाहिलंही नसेल. त्यांनी पैसा दिला, आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे मुदत दिली. चार वर्षांनी मुलींच्या धर्मांतराच्या वादातून रानडे, भांडारकरांसारख्यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. परक्या मदतीच्या मागे येणारी ती शंका साधी नव्हती; आश्रित मुलीची श्रद्धा हा कुणाच्याही दानाचा मोबदला होता कामा नये. तरी दहा वर्षांच्या त्या वचनाचं मोल मला कमी वाटत नाही.

आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. आधी आईबाप, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब. महाराष्ट्राची बालसंगोपन योजनाही त्याच विचाराची: मूल घरातच राहावं म्हणून सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा पैसे. बाप गेल्यावर आई मजुरीला जाते आणि फीपायी पोर वसतिगृहात टाकावं लागतं, अशी घरं जळगाव जिल्ह्यातही आहेत. तिथे योजनेचा अर्ज भरून देणं, कागद जमवणं, तालुक्याला खेटे घालणं, हेसुद्धा अनाथ मुलांसाठीचंच काम आहे. फक्त त्यात मूल अनाथ होण्याआधी आपण पोचतो.

त्या मुलीला मी जाऊ नको म्हटलं नाही. नेपाळ बघावा, तिथली भाषा कानांवर पडू द्यावी. पण मुलांच्या खोलीत राहण्याऐवजी तिथल्या कायमच्या शिक्षिकांसोबत बसावं, त्यांना गणिताचे पाठ बांधून द्यावेत, हिशेबाची वही नीट लावून द्यावी आणि परतल्यावर पुढची काही वर्षं त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवावा, असं सुचवलं. निघण्याआधी संस्थेला एक पत्र लिहून दोन गोष्टी विचारायला सांगितल्या: मुलांना सांभाळणाऱ्या बाया तिथे किती वर्षं आहेत, आणि गेल्या वर्षी किती मुलं आपल्या घरी परत गेली. तिने पत्र पाठवलं आहे. उत्तर आलं की तिकिटाचं ठरवू, असं तिने घरी सांगितलंय.